उद्या लिफ्टमध्ये म्हणता येईल तेवढंच

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवाची सोसायटीची सर्वसाधारण सभा संपल्यावर तू जिन्यात मला थांबवून विचारलंस, "काकू, आकडे होते, फोटो होते, शेवटी तर माझा आवाजही भरून आला. तरी घरोघरी पाण्याचे मीटर बसवायच्या ठरावाला हात का नाही वर झाले?" आजूबाजूला माणसं होती म्हणून तेव्हा गप्प बसले. आता सविस्तर लिहिते.

विश्वासार्हता, भावना आणि तर्क, हे ॲरिस्टॉटलचं त्रिकूट तुला कॉलेजात शिकवलंय. पुढच्या वेळी कशाला किती मिनिटं द्यायची, हा तुझा खरा प्रश्न दिसतो. त्या मिनिटांच्या हिशेबात मला रस नाही. माझी एकच कसोटी आहे आणि ती मी तुला पुन्हा पुन्हा ऐकवणार आहे. उद्या सकाळी लिफ्टमध्ये त्याच माणसासमोर परत म्हणता येईल, तेवढंच आज सभेत बोलायचं.

"पाच वर्षांत पुण्यात प्यायलाही पाणी उरणार नाही." कुठून आणलंस हे वाक्य? तळमजल्यावरच्या काकांचं अख्खं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलंय. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांचा साठा ते पावसाळाभर रोज सकाळी पेपरात बघतात. तुझं वाक्य ऐकलं आणि त्यांनी हाताची घडी घातली. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यानंतर तू टँकरच्या बिलांचे आकडे दिलेस, ते अगदी खरे होते, पण ती घडी काही सुटली नाही. आणि ते गप्प राहिले की मागच्या दोन रांगा गप्प राहतात, हे तुला अजून माहीत नाही.

विश्वास भाषणातूनच निर्माण व्हायला हवा, वक्त्याच्या आधीच्या लौकिकातून नव्हे, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. शहाणपण, सचोटी आणि ऐकणाऱ्यांबद्दलची सदिच्छा बोलण्यातच दिसली पाहिजे, हे त्याचं म्हणणं. इथे माझं त्याच्याशी पटत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे न्यायालय आणि नागरिकांची सभा असतील, आपल्यापुढे सोसायटी आहे. तू तोंड उघडायच्या आधीच इथे सगळ्यांना तुझी गाडी कुठे लागते आणि मेंटेनन्स कधी भरला जातो हे ठाऊक असतं. आपण कर्वेनगरात राहतो. ज्यांचं नाव या भागाला आहे, त्या अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली स्वतः एका विधवेशी पुनर्विवाह केला, गावाचा बहिष्कार सोसला, आणि १८९६ साली आश्रम काढून लोकांपुढे हात पसरला. हा क्रम बघ. वर्गणी मागताना त्यांना वक्तृत्वाची गरज किती पडली असेल?

दुसरं उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांचं, आणि हे मी कधीच विसरू शकत नाही. १८९७ साली ते हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडमध्ये होते. इकडे पुण्यात प्लेगचे रुग्ण शोधायला सैनिकांकडून घरोघरी झडत्या चालल्या होत्या. इथून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे सैनिकांवर अतिशय गंभीर आरोप केले. परतल्यावर पुरावा उभा करता येईना आणि जाहीर माफी मागावी लागली. झडत्यांमध्ये जुलूम झालाच नाही, असं माझं मुळीच म्हणणं नाही. संताप खरा होता, पत्रं लिहिणारेही त्यांच्या खात्रीचे होते. पण सिद्ध करता न आलेल्या एका गोष्टीने सिद्ध करता येण्यासारख्या बाकीच्या गोष्टीही झाकल्या गेल्या. तेच गोखले १९०२ मध्ये कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलले तेव्हा त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. देशात दुष्काळ आणि तिजोरीत शिल्लक, म्हणजे कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातोय. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्याचं सगळं श्रेय मी एका भाषणाला देणार नाही, कारण उद्या तू मला पुरावा मागशील.

आता भावनेबद्दल. सभेत रडू आलं याची लाज बाळगू नकोस. पण लोकांनी तुझ्याबरोबर रडावं ही अपेक्षा सोड. रागाबद्दल लिहिताना ॲरिस्टॉटल तीन गोष्टी बघायला सांगतो. माणूस कोणत्या मनःस्थितीत रागावतो, कोणावर, आणि कशावरून. इथे मात्र मी त्याचं ऐकते. टँकरच्या पावत्यांची फाइल तू उघडून पाहिली आहेस का? कार्बनच्या निळ्या पावत्या, खाली वॉचमनची घाईतली सही, आणि कितीतरी पावत्यांवर लिटरचा रकाना कोरा. पैसे दहा हजार लिटरचे दिलेत, टाकीत किती पडले ते कोणीच लिहिलेलं नाही. लोकांना राग आहे तो याचा. पहाटे मोटारीच्या आवाजाने उठणाऱ्या पहिल्या मजल्याला विचार. तू दाखवलेला दूरच्या गावातल्या भेगाळलेल्या जमिनीचा फोटो त्यांना लागू पडत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी १२ जुलै १९६१ ला शाळकरी होत्या. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, पूर ओसरला आणि नळ कोरडे पडले. आईबरोबर कळशी घेऊन रांगेत उभं राहिल्याचं त्या अजून सांगतात. एवढी आठवण आपल्या इमारतीत राहते आणि तू इंटरनेटवरून फोटो आणतेस!

आणि तर्क. तुझा तर्क चांगला आहे, पण अर्धा लपवलेला आहे, त्याचा मला राग आला. मीटर बसले की तिसऱ्या मजल्यावरच्या सहा माणसांच्या घराचं बिल वाढणार, हे तुला माहीत होतं. तू बोलली नाहीस. मग ते त्यांनी उठून सांगितलं, आणि तू काहीतरी दडवतेस असं सभेला वाटलं. हे तूच पहिल्यांदा सांग. नंतर सांग की शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर धरतात, म्हणजे त्यांच्या घराला ८१० लिटरपर्यंत जादा आकारणी नको. दर माणसांवर ठरवू, फ्लॅटवर नको. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नियमावलीत, पाण्याचा खर्च नळजोडांची संख्या आणि आकार यांवर वाटायचा असतो आणि आपण वर्षानुवर्षं घरटी सारखा वाटतोय, हेही सांग. जुन्या इमारतीत स्वयंपाकघर आणि बाथरूमचे पाइप वेगवेगळे उतरतात, त्यामुळे एका घराला एक मीटर पुरणार नाही आणि खर्च वाढेल, हे तर नक्की सांग. शेवटची बेरीज मात्र त्यांना करू दे. स्वतः केलेल्या बेरजेशी माणूस सहसा भांडत नाही.

तू म्हणशील, इतकं मोजूनमापून बोललं तर लोक हलतील का? कधीकधी नाही हलत. मी सेक्रेटरी असताना गच्चीच्या गळतीचा ठराव आणला होता. कमिटीतले एक जण म्हणाले, "सरळ सांगा की स्लॅब कोसळेल, खाली पोरं खेळतात." इंजिनिअरने लिहिलं होतं, "दोन वर्षांत दुरुस्ती करावी." मी तेच वाचून दाखवलं आणि ठराव पडला. वरच्या मजल्यावरच्या दोन घरांनी आणखी एक पावसाळा बादल्या लावून काढला. त्याची हळहळ मला आजही आहे. घाबरवलं असतं तर पास झाला असता, असं अजून कोणी ना कोणी ऐकवतं. असेल झाला. पण पुढच्या वर्षी लिफ्टच्या दोरखंडाबद्दल मी "हे धोक्याचं आहे" म्हटलं तेव्हा कोणी दुसरा अहवाल मागितला नाही. मुलं लिफ्टने जात-येत होती. तेव्हा माझ्यावर कोणाचा विश्वास नसता तर मी काय केलं असतं? त्या जागी परत उभी केलीस तरी मी इंजिनिअरचंच वाक्य वाचेन. हट्टी म्हणतात मला, म्हणू देत.

तर आता रडणं पुरे. विशेष सभा बोलवायची तर सभासदांच्या सह्या लागतील, आणि सह्या म्हणजे प्रत्येक दारात उभं राहणं आलं. आधी तळमजल्यावर जा. काकांना सांग की ते पाच वर्षांचं वाक्य मी मागे घेते, आणि धरणांचं खरं काय ते त्यांच्याकडूनच ऐक. मग तिसऱ्या मजल्यावर. तिथे चहा घे, घाईत उठू नकोस, त्यांच्या घरात किती नळ आहेत ते त्यांच्यासमोर मोज. आजींकडे मात्र सह्यांचा कागद नेऊ नकोस, नुसती जाऊन बस. पावत्यांची फाइल माझ्याकडे आणून ठेवली आहे. रविवारी दुपारी ये, कोरे रकाने किती ते दोघी मिळून मोजू.

तुझी,
काकू