वर्डप्रेसवर साइट बनवणं म्हणजे खरं वेबसाइट बनवणं नाही का?

तुम्ही विचारलं की बी.कॉम. झालं, गावातच राहून वेबसाइटचं काम करायचं आहे, तर वर्डप्रेससारखं सीएमएस, म्हणजे कोड न लिहिता साइटचा मजकूर टाकायचं-बदलवायचं तयार सॉफ्टवेअर, शिकू की आधी कोडिंग, कारण तुमचा एक मित्र म्हणतो वर्डप्रेसवर बनवलेली साइट म्हणजे खरी साइटच नाही. कोडिंग की वर्डप्रेस याचं उत्तर खाली देते, पण मित्राचं ते वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसली. हेच वाक्य मी आमच्या घरात कितीतरी दिवाळ्यांना ऐकलं आहे.

आमची संत्र्याची पन्हेरी, म्हणजे रोपवाटिका आहे, वरूड तालुक्यात. शेंदुरजनाघाटच्या बाजूचे लोक ओळखतात, ह्या भागात घरोघरी कलमा बांधतात आणि छिंदवाड्यापासून राजस्थानातल्या झालावाडपर्यंतचे शेतकरी इथून कलमा नेतात. मी २०१६ ला लग्न होऊन इथं आली, बीसीए झालेली. मी यायच्या आधीच मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शहरातल्या एका माणसाकडून वेबसाइट बनवून घेतली होती, अठरा हजार देऊन. दिसायला बरी होती. पण त्यात एक शब्द बदलवायचा तरी त्या माणसाला फोन करा, आणि मराठी मजकूर तर त्यानं टाइप करून फोटो म्हणून चिकटवला होता. "संत्रा कलम" म्हणून कोणी गुगलवर शोधलं तर आमचं पान येणार कसं, गुगलच्या हिशोबानं तिथं शब्दच नव्हते.

२०१७ च्या जून महिन्यात मामाजींचा जुना नंबर बंद पडला. कायमचा. नवीन सिम घेतलं आणि त्या माणसाला सांगितलं की साइटवर नंबर बदलवून द्या. तो म्हणे आठ दिवस लागतील, पाचशे रुपये होतील. पाचशे दिले. आठ दिवस गेले, पंधरा गेले, फोन केला की म्हणे माणूस सुट्टीवर आहे. तुम्ही गावातले आहात तर जून-जुलै म्हणजे काय ते सांगायची गरज नाही, कलमा त्याच दोन-अडीच महिन्यांत जातात, आणि त्या दिवसांत साइटवर बंद नंबर लटकून राहिला होता.

जुलैत एक दिवस झालावाडकडचा एक शेतकरी पिकअप घेऊन दारात उभा राहिला. विचारत विचारत आला होता बिचारा. पंधरा दिवसांपासून तुमचा नंबर लावून राहिलो म्हणे, लागतच नाही, माझ्यासोबतच्या दोघांनी दुसरीकडून घेऊन टाकल्या. मामाजी त्याला काही बोलले नाहीत, चहा पाजला, कलमा मोजून दिल्या. संध्याकाळी ओसरीत बसून त्यांनी व्हिजिटिंग कार्डाचा अख्खा गठ्ठा काढला आणि एकेका कार्डावरचा जुना नंबर पेनानं खोडून वर नवीन लिहीत बसले. मी पाणी घेऊन गेली तर मान वर न करता म्हणाले, "सूनबाई, कार्डावरचा नंबर पेनानं दुरुस्त होते, मग त्या साइटवरचा काहून नाही होत?"

मी बीसीए केलेली बाई, मला उत्तर माहीत होतं आणि तरी त्या वेळी द्यायला काही नव्हतं. साइटचा पासवर्ड त्या माणसाकडे, होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा त्याच्याकडे, डोमेन, म्हणजे साइटचं नावसुद्धा त्याच्याच नावावर. मी पासवर्ड मागितला तर म्हणे तुमच्याच्यानं बिघडेल. नंबर तेविसाव्या दिवशी बदलला. पुढच्या वर्षी त्यानं फोन उचलणंच बंद केलं, डोमेनचं नूतनीकरण झालं नाही आणि ते नाव गेलं. कार्डावर तेच नाव, गाडीच्या मागं रंगवलेलं तेच नाव.

आता आमचे भाऊजी. ह्यांचे मोठे भाऊ, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहेत, हुशार माणूस, त्यांच्या हुशारीबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते २०१७ पासून म्हणून राहिले होते की मी स्वतः कोड लिहून साइट करून देतो. २०१८ च्या दिवाळीपर्यंत झाली नाही, त्यांना कंपनीतूनच सवड नव्हती. मग मी म्हटलं मीच करते वर्डप्रेसवर. तर फराळाच्या ताटावर सगळ्यांसमोर म्हणाले, "ते खेळणं आहे, इकडून उचलून तिकडं चिकटवायचं, त्याला वेबसाइट बनवणं म्हणत नाहीत."

मी तरी केली. होस्टिंग आणि डोमेन दोन्ही मामाजींच्या नावानं, घरच्याच ईमेलवर घेतलं. वर्डप्रेस टाकायला पाच मिनिटं लागतात म्हणतात ते खरं आहे, पण मजकुराला मला तीन आठवडे लागले आणि तेच खरं काम होतं. मामाजी बोलत, मी लिहीत असे. जंबेरीच्या खुंटावरची कलम कोणत्या जमिनीला, रंगपूरवरची कोणत्या, डिंक्या रोगाला रंगपूर जास्त तोंड देते हे कसं सांगायचं, लावताना डोळा, म्हणजे कलमाचा जोड, मातीत गाडला जाऊ नये हे किती ठळक लिहायचं. एक पान मराठीत, एक हिंदीत. शिल्लक कलमांचा छोटा तक्ता आणि खाली फोन नंबर.

मग मी मामाजींना वेगळं लॉगिन काढून दिलं. वर्डप्रेसमध्ये माणसाला भूमिका देता येते, प्रशासक, संपादक, लेखक वगैरे. त्यांना संपादक केलं, म्हणजे पानावरचं काहीही बदलवता येते पण थीमला (साइटचं रूप) आणि प्लगइनला (वरून जोडायचे जास्तीचे भाग) हात लागत नाही. डॅशबोर्डची, म्हणजे लॉगिन केल्यावरच्या कामाच्या पानाची, भाषा मराठी केली. पहिल्या दिवशी ते मोबाईल हातावर घेऊन असे बसले जसा कोणी अंगठा घ्यायला आला आहे. अंगठ्याला माती, स्क्रीन ऐकेना, धोतराला पुसून पुन्हा दाबलं. टाइप करायचा कंटाळा, म्हणून बोलून लिहायला शिकले, तर फोन "जंबेरी"चं "जबरी" करून टाके, ते तेवढं हातानं सुधारत. एकदा त्यांच्याकडून अख्खा तक्ताच उडाला. घाबरले, मला हाक मारली. मी जुन्या आवृत्त्या उघडल्या, सकाळची आवृत्ती परत आणली, दोन मिनिटांत तक्ता जागेवर. त्या दिवसानंतर त्यांची भीती गेली. आता पन्हेरीतून गाडी निघाली की बांधावर उभ्या उभ्या आकडा कमी करतात, मला विचारतसुद्धा नाहीत.

सीएमएसनं साइट बनवणं सोपं होते असं सगळे सांगतात, पण मला विचाराल तर बनवणं ही त्यातली लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट म्हणजे ज्याचा धंदा आहे त्याच्या हातात ती साइट चालवणं येते. कलमा किती उरल्या हे मामाजींना माहीत, मग ते लिहिणाऱ्याच्या आणि पानाच्या मधात तिसरा माणूस कशाला पाहिजे?

पण भाऊजींची बाजूही सांगते, नाहीतर खोटं होईल. २०१९ च्या पावसाळ्यात मी एक चूक केली. विकतची एक थीम कुठल्याशा साइटवर फुकट मिळून राहिली होती, ती उचलून टाकली. पंधरा दिवसांनी गिऱ्हाईकांचे फोन, की तुमची साइट मोबाईलवर उघडली की सट्ट्याचं पान येते. मला लॅपटॉपवर बरोबर दिसे, मोबाईलवरच तसं होई, म्हणून आधी लक्षातच आलं नाही. त्या थीमच्या फायलीत कोणीतरी कोड लपवून ठेवला होता. भाऊजी फोनवर म्हणाले, सांगत होतो ना. मी त्या रात्री रडली, हे ह्यांच्याशिवाय कोणाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सगळा मजकूर निर्यात करून घेतला, एकेक पान उघडून तपासलं, मग होस्टिंगवरच्या सगळ्या फायली पुसल्या, पासवर्ड बदलवले, ताजं वर्डप्रेस आणि त्यांच्याच अधिकृत यादीतली साधी मोफत थीम टाकली, मजकूर परत आयात केला आणि फोटो फोनमधून पुन्हा चढवले. रूप पूर्ण बदललं, पण मामाजींचा शब्द न् शब्द जसाच्या तसा आला, कारण मजकूर डेटाबेसमध्ये असते आणि दिसणं थीममध्ये, दोन्ही वेगळे. जुन्या साइटवर हे झालं असतं तर सगळं पहिल्यापासून लिहावं लागलं असतं. आणि कुलूप तोडून आणलेला माल मी घरात ठेवला, हा वर्डप्रेसचा दोष नाही, हे मी भाऊजींना तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते.

राहिलं "खेळणं". वर्डप्रेस २००३ ला मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी बी२ नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवरून सुरू केलं आणि आज जगातल्या दर दहा साइटमधल्या चारएक त्याच्यावर चालतात. अमेरिकेच्या व्हाइट हाउसची साइट आधी ड्रुपल नावाच्या दुसऱ्या सीएमएसवर होती, २०१७ च्या शेवटी वर्डप्रेसवर आली. म्हणजे तीही आधी सीएमएसवर आणि नंतरही सीएमएसवर. तिथं कोड लिहिणारे मिळत नव्हते असं कोण म्हणेल? आणि हे सीएमएस कोडवरच उभं आहे, पीएचपी या भाषेत लिहिलेलं, सगळ्यांसाठी उघडं, तुम्हाला पाहिजे तर एकेक ओळ उघडून वाचा. भाऊजींनी स्वतः लिहून दिली असती तर साइट माझ्यापेक्षा सुबक झाली असती, मान्य. पण किल्ली पुण्यात राहिली असती. त्या शहरातल्या माणसानं बेइमानीनं जे केलं तेच भाऊजींच्या हातून प्रेमानं झालं असतं, जुलैत नंबर बदलवायचा तर त्यांच्या रविवारची वाट पाहा. हे मी त्यांना तोंडावर बोलली तेव्हा त्यांना राग आला. गेल्या वर्षीपासून ते हा विषय काढत नाहीत, मला मात्र त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं आहे की सूनबाईनं केलं ते काम होतं.

तुमच्या प्रश्नाचं. वर्डप्रेसपासून सुरू करा, पण एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (पानाचं दिसणं) सोबतच शिका, नाहीतर थीममध्ये एक ओळ हलली की हातपाय गळतात. पीएचपी सहा-आठ महिन्यांनी, गरज पडली की. होस्टिंग घ्यायच्या आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर झॅम्प (XAMPP, कॉम्प्युटरवरच साइट चालवून पाहायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकून त्यात वर्डप्रेस बसवा, दहा वेळा मोडा, दहा वेळा बनवा, पैसे लागत नाहीत. वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग यांत गोंधळू नका, पहिल्यात साइट ती कंपनीच सांभाळते आणि अटीही तिच्याच, दुसऱ्यावरून सॉफ्टवेअर उतरवून आपल्या होस्टिंगवर टाकायचं. धंद्यासाठी मी दुसरंच सांगेन. जूमला, ड्रुपल हे दुसरे सीएमएसही चांगले आहेत, पण रात्री अकरा वाजता अडकलं तर मराठीत-हिंदीत समजावणारे व्हिडिओ आणि माणसं वर्डप्रेसचीच सापडतात.

प्लगइन कमीत कमी ठेवा. माझ्या साइटवर पाच आहेत. एकदा एक प्लगइन अपडेट केलं आणि साइट बंद, नुसता गंभीर त्रुटीचा संदेश. वर्डप्रेस अशा वेळी प्रशासकाच्या ईमेलवर दुरुस्तीची लिंक पाठवते, २०१९ पासून ही सोय आहे, पण माझा तिथला ईमेल कॉलेजच्या वेळचा, बंद पडलेला. शेवटी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं, प्लगइन आपोआप बंद झालं आणि साइट उघडली. तुमचा ईमेल आजच तपासा.

आणि लोकांचं काम घ्याल तेव्हा डोमेन त्यांच्याच नावावर, त्यांच्याच ईमेलवर घ्या, पासवर्ड कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. मी आतापर्यंत तालुक्यात सात जणांच्या साइट केल्या, एक दालमिल, बाकी पन्हेरीवालेच, सगळ्यांना दिलं. दोघं नंतर स्वतःच चालवायला लागले आणि माझ्याकडे आले नाहीत, त्याचं मला वाईट वाटलं नाही. मी पैसे साइट बनवायचे आणि शिकवायचे घेते, नंबर बदलवायचे घेत नाही.

सगळ्यांनाच साइट लागते असंही नाही. गावातलं किराणा दुकान असेल तर गुगल मॅपवर नाव-नंबर टाका आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, तेवढं पुरते, उगाच पैसे घेऊ नका त्याच्याकडून. आणि कोणी हिशोबाचं किंवा बुकिंगचं स्वतःच्या पद्धतीचं सॉफ्टवेअर मागितलं तर ते वर्डप्रेसवर दहा प्लगइन जोडून करायला जाऊ नका, तिथं भाऊजींसारखा कोड लिहिणाराच पाहिजे. बॅकअप, म्हणजे साइटची जास्तीची प्रत, पहिल्याच दिवसापासून लावा आणि त्याच होस्टिंगवर ठेवू नका, होस्टिंग गेलं की बॅकअपही जाते. माझा दर रविवारी गुगल ड्राइव्हवर जाते आणि महिन्यातून एकदा मी तो उतरवून लॅपटॉपवर उघडून पाहते, उघडते की नाही.