बॅग उघड, बाळा

बाळा,

काल रात्री साडेअकराला तू बाल्डर्स गेट ३ या कॉम्प्युटर गेमचा फोटो पाठवलास ना, मोबाइलनं स्क्रीनचा काढलेला, तिरका, त्यात त्या आंटी एथेल नावाच्या म्हाताऱ्या चेटकिणीपेक्षा मला दुसरंच काहीतरी दिसलं. तू खाली लिहिलंस, "दादा आठ वेळा मेलो, आता कुठंतरी जाऊन लेव्हल वाढवून येतो, नाहीतर सोडतो गेम." आणि त्याच फोटोत तुझी बॅग उघडी होती. मी झूम करून मोजलं. जखम भरायचे हीलिंग पोशन एकवीस, स्क्रोल, म्हणजे एकदाच वापरायचे मंत्राचे कागद, चौदा, त्यात तीन तर मॅजिक मिसाइलचे, पाण्याच्या बाटल्या सहा, स्पीड पोशन दोन. आणि तू मरतोयस, आठ वेळा!

लेव्हल कमी पडत नाहीये तुझी. तू बॅगेला हात लावत नाहीस, बास.

लेव्हल वाढवून यायचं तर डोक्यातून काढूनच टाक. बाल्डर्स गेट ३ मध्ये मारलेले शत्रू परत येत नाहीत, कोपऱ्यात उभं राहून तेच तेच गॉब्लिन मारत एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, गोळा करायचा प्रकार इथं नाही, आणि सगळा गेम संपवलास तरी लेव्हल १२ च्या वर जात नाही. म्हणजे हा गेम बनवणाऱ्यांनी ठरवूनच ठेवलंय की ताकद बॅगेतून यायची. रस्त्यावरच्या प्रत्येक पेटीत, मेलेल्या माणसाच्या खिशात ते स्क्रोल कामून ठेवलेत? शेवटी मोजून बघायला?

आता म्हातारीचं ऐक. ती स्वतःच्या नकला उभ्या करते, तू तुझ्या तलवारवाल्या लेझेलला पळवत पळवत एकेका नकलेवर तलवार चालवायला लावतोस, निम्मे वार हुकतात, टर्न, म्हणजे आपली पाळी, संपतो. नकल म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा, जराशी इजा झाली की गेली. आणि मॅजिक मिसाइल कधीच हुकत नाही. एका स्क्रोलमध्ये तीन बाण, तीन बाण तीन वेगवेगळ्या नकलांवर लाव, एका टर्नमध्ये तिन्ही साफ. तुझ्याकडं तीन स्क्रोल आहेत. म्हणजे नऊ बाण. हे गणित तुला येतं रे, तू कॉमर्सचा पोरगा आहेस.

दुसरं, म्हातारीनं कोंडलेल्या मेरीनाच्या पिंजऱ्याला आग लागली की तू घाबरून सगळं सोडून तिकडं पळतोस. पाणी टाक ना. तुझ्या पार्टीतल्या शॅडोहार्टकडं पाण्याचा मंत्र आहे, नसेल तयार तर बाटली फेक, आग विझते. आणि पाण्याचं खरं काम त्याच्या पुढं आहे: भिजलेल्या शत्रूला विजेचा आणि गारठ्याचा मार दुप्पट लागतो. बाटली फेकायची, मग तुझ्या जादूगारानं, गेलनं, विजेचा स्क्रोल काढायचा. फक्त आपलं माणूस त्या डबक्यात उभं नाही ना ते बघून घे, वीज आपलं परकं ओळखत नाही. आणि भिजलेल्यावर आगीचा मार निम्मा होतो, त्यामुळं पाणी टाकल्यावर फायरबोल्ट मारत बसू नको. तू मारलास, मला दिसलं.

पोशन प्यायला बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे टर्नमधली जादाची छोटी कृती, लागते, पूर्ण टर्न जात नाही. तुला हे माहीतच नसावं, नाहीतर एकवीस पडून राहिले नसते. आणि दोघं तिघं जखमी होऊन जवळजवळ उभे असतील तर बाटली त्यांच्यामध्ये फेकून फोड, सगळ्यांना लागू होते. शॅडोहार्टला गदा घेऊन पुढं पाठवू नको, पहिल्या टर्नला तिनं ब्लेस हा आशीर्वादाचा मंत्र टाकायचा तिघांवर आणि मागं थांबायचं, तिला मार लागला की कॉन्सन्ट्रेशन तुटू शकतं आणि मंत्र जातो. बाकीचं तुला येतं.

मला राग कशाचा येतो सांगू? तू अडाणी नाहीस. तुला वाटतं पुढं याच्यापेक्षा मोठी लढाई येईल, तेव्हा काढू. ही "तेव्हा काढू"ची सवय मला माहितीये, कारण ती माझ्या हाडात आहे. आपण लातूरकडचे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तू लहान होतास, मी नव्हतो. आमच्या घरी निळ्या ड्रमला कुलूप होतं. कुलूप! आई सकाळी उघडायची, मोजून दोन घागरी काढायची, परत लावायची. त्यामुळं जपून ठेवणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, त्या साली त्याच्यावरच जगलो. पण जपायचं काय आणि वापरायचं काय हे कळायला मला फार वेळ लागला.

अण्णांनी एका वर्षी घरचं सोयाबीनचं बी दोन पोती काढून ठेवलं, निवडून, उन्हात वाळवून, माळवदावरच्या खोलीत. जूनमध्ये पाऊस झाला तसा, पण त्यांना तो भरवशाचा वाटेना. थांबले. जुलैत शेजाऱ्यांचं हातभर आलं तरी आमचं पोत्यातच. मग शेवटी तूर टाकली आणि बी पुढच्या सालाला ठेवलं. पुढच्या साली पेरायच्या आधी आईनं शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, चार दिवसांनी उघडलं तर तेवीस उगवले होते. तेवीस. बाकीचे फुगून वास मारत होते. सोयाबीनचं बी असंच असतं, ज्वारीसारखं टिकत नाही. अण्णा काही बोलले नाहीत, गोणपाट झटकला आणि बाहेर गेले.

मी ते डोळ्यानं बघितलंय, आणि तरी याच गेममधली माझी ऑनर मोडची पार्टी ग्रिमफोर्ज या जागी मेली तेव्हा बॅगेत तीन रिव्हिव्हिफायचे, म्हणजे मेलेल्याला उठवायचे, स्क्रोल होते. ऑनर मोडला सेव्ह एकच असतं, पार्टी गेली की गेलं. साठ तास. शेवटचा माणूस उभा होता माझा, त्याच्या हातात स्क्रोल होता, आणि मी म्हणलं आत्ता नको, एक टर्न बघू. पुण्याला नोकरीसाठी जायचं पण मी असंच ठेवलं होतं, थोडे पैसे साठले की जाऊ म्हणून. साठले. मग वय बसेना.

त्या दिवसापासून माझा नियम एकच आहे आणि तो मी कुणासाठी बदलणार नाही: बॅगेत आहे ते या लढाईसाठी आहे. मित्र म्हणतात मी स्क्रोल उधळून जिंकतो, हे काही खेळणं नाही, खरा खेळाडू नुसत्या तलवारीवर जिंकतो. म्हणू दे. २०२३ ला एफडी मोडून कॉम्प्युटर घेतला तेव्हा पण घरात सगळे असंच बोलले. त्या एफडीचं दुसरं काय झालं असतं? त्याच कॉम्प्युटरवर दुकानाचे फॉर्म भरतो, त्याच्यावरच तुझ्यासारखं लेकरू रात्री साडेअकराला मला काही विचारतं. मी चुकलो नाही. उधळणं वेगळं आणि वापरणं वेगळं, हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं, तुलाही सांगतो. बॅग उघड.

झोपेची पण तीच कंजूषी चाललीये तुझी. कॅम्प सप्लाय तीनशेच्या वर दिसले मला. लाँग रेस्टला, म्हणजे रात्रभर झोपायला, बॅलन्स्ड या मधल्या मोडवर चाळीस लागतात. म्हणजे सात वेळा झोपशील इतकं खाणं घेऊन तू निम्म्या हेल्थवर, मंत्र टाकायचा एकही स्पेल स्लॉट न उरलेल्या गेलला घेऊन म्हातारीच्या गुहेत उतरलास! जळती सराई किंवा ग्रिमफोर्जमध्ये अडकलेला नियर अशा एखाद दोन जागा सोडल्या तर झोपल्यानं काही बिघडत नाही, उलट सोबत्यांच्या गोष्टी कॅम्पमध्ये झोपल्यावरच पुढं सरकतात. तू म्हणत होतास ना अ‍ॅस्टेरियन माझ्याशी काही बोलतच नाही. तू त्याला झोपू कुठं दिलंस?

तर आज रात्री कॅम्पला जा, झोप, स्लॉट भरून घे. स्क्रोल चौघांत वाटून दे, सगळे एकट्या गेलकडं नकोत, तो पडला की सगळंच पडतं, आणि स्क्रोल वापरायला जादूगारच लागतो असं या गेममध्ये नाही, लेझेल पण वाचते. पहिल्या टर्नला मॅजिक मिसाइल, पिंजऱ्याला पाणी, स्पीड पोशन तुझ्या सगळ्यात जोरात मारणाऱ्याला, पण लक्षात ठेव तीन टर्ननंतर त्याचा असर उतरला की तो एक टर्न गळून बसतो, म्हणून तेवढ्यात काम उरकायचं.

आणि म्हातारी हरत आली की तिच्या टर्नला ती स्वतःहून बोलायला लागेल, सोड मला, माझा केस घे म्हणेल. तो केस घेतला की ताकद, चपळाई असली एक अ‍ॅबिलिटी कायमची एकनं वाढते, आणि नीट बोललास, फासा साथ देऊन गेला, तर मेरीनाही सुटते. पण एका दणक्यात मारलीस तर ती बोलायच्या आधीच मरते. तेव्हा तिची थोडीच हेल्थ उरली की मोठा स्क्रोल परत बॅगेत ठेव, साधा वार कर, आणि तिचा टर्न येऊ दे.