फ्रेम पावडर कोटिंगला देण्याआधी एवढं कर

भावा, पहिलीच बाइक उघडलायस, लई बरं वाटलं. पावडर कोटिंग म्हणजे रंगाची पावडर मारून फ्रेम भट्टीत भाजतात. रंग कुठला ते नंतर बघू, काम सगळं आधीच्या तयारीत असतंय.

उद्यमबागला, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, फ्रेम टाकायच्या आधी वेल्डिंग काय असेल ते सगळं उरकून घे, स्टँडचा ब्रॅकेट, क्रॅक, सगळं, कारण कोटिंग झाल्यावर वेल्डिंग केलास की तेवढा भाग जळतोय आणि टचअप कधी मॅच होत नाही. साधी पुट्टी अजिबात लावू नको, भट्टीत १८०-२०० डिग्रीला ती टिकत नाही.

मग मास्किंग, म्हणजे पावडर बसू नये ती जागा झाकणं. नवीन पोरं इथंच चुकतात, मीपण पहिल्या फ्रेमला चुकलोय, स्टेअरिंगच्या कपात पावडर बसली आणि दोन दिवस घासत बसलो. स्वतः उभं राहून हे झाकून घे:
- स्टेअरिंगचे बेअरिंग कप बसतात ती जागा
- स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणारा दांडा) भोक, इंजिन माउंटिंगच्या जागा
- सगळे आटे
- अर्थिंगचा पॉइंट

चेसिस नंबरचा फोटो आधीच काढून ठेव, आणि तिथं ब्लास्टिंग (वाळूचा मारा करून जुना रंग, गंज काढतात ते) हलक्या हातानं करायला सांग. नंबर पुसट झाला तर आरटीओत त्रास.

ब्लास्टिंग झालेली फ्रेम घरी आणू नको. आपल्याकडं पावसाळ्यात उघड्या लोखंडाला एका रात्रीत गंज धरतोय, म्हणून ब्लास्टिंग आणि कोटिंग एकाच दिवशी होईल असं बघ. पाइपातली वाळू हवा मारून काढायला लाव.

प्रायमर, दोन कोट वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नको. साधा ग्लॉसी काळा घे.