काटे चार, हमाल दोन

प्रश्न : भाऊ, आमच्या जिनिंगचा कापूस खरेदीचा सगळा हिशेब, काटापावत्या, शेतकऱ्यांचे चुकारे, क्लाऊडवरच्या एका लिनक्स मशीनवर राहते. सीझनमध्ये सकाळी बरी चालते आन् दुपारी ढिम्म. म्हणून मागच्या हप्त्यात साइज बदलली, सोबत डिस्क कंट्रोलरही (मशीन आन् डिस्क जोडणारा भाग) जुन्या स्कझी पद्धतीचा बदलून नव्या एनव्हीएमईचा केला, म्हटलं फास्ट असते म्हणतात. तर मशीन उठूनच नाही राहिली, स्क्रीनवर 'इमर्जन्सी मोड' लिहून थांबली. जुन्यावर परत नेली तर चालू. डिस्क गेली का? आन् एनव्हीएमई घ्यावं का नाही? (दारव्हा तालुक्यातून)

उत्तर : डिस्क ठणठणीत आहे, टेन्शन घेऊ नका. 'इमर्जन्सी मोड' दिसला हे लिहिलं ते लय बरं केलं, कारण बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की कर्नल (लिनक्सचा गाभा) उठला, रूट डिस्कही (जिच्यावर लिनक्स आहे ती) सापडली, अडलं ते डेटाच्या डिस्कपाशी. स्कझीवर लिनक्स डिस्कला एसडीए, एसडीबी अशी नावं देते, एनव्हीएमईवर तीच डिस्क वेगळ्याच नावानं येते, आन् तुमच्या एफएसटॅब फाइलमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठं जोडायची त्या यादीत, कोणीतरी सरळ एसडीबी१ लिहून ठेवलं असणार. सिस्टीमडी, म्हणजे मशीन उठवणारा प्रोग्राम, त्या नावाच्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहते आन् मग हात वर करते. एसडीबी हे गावात हाक मारायचं नाव, यूयूआयडी, म्हणजे डिस्कवरचा कायमचा नंबर, हे सातबाऱ्यावरचं. एफएसटॅबमध्ये सातबाऱ्यावरचंच पाहिजे.

तर आधी स्नॅपशॉट (डिस्कची आहे तशी नक्कल) घ्या. मग जुन्या साइजवर असतानाच ब्लकआयडी (blkid) कमांड चालवून यूयूआयडी काढा, एफएसटॅबमध्ये टाका, डेटा डिस्कच्या ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी मशीन उठू दे) जोडा आन् जुन्याच कंट्रोलरवर एकदा रीबूट करून पाहा. तिथं उठली तरच पुढं जा. स्क्रीनवर 'ड्रॅकट' किंवा 'इनिट्रॅमएफएस' असा प्रॉम्प्ट आला असता तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा रूट डिस्कच सापडत नाही आन् बहुतेक वेळा एनव्हीएमईचा ड्रायव्हर बूट इमेजमध्ये नसते, ती इमेज पुन्हा बनवावी लागते.

आता घ्यावं का. तुमच्या भाषेत सांगतो. गेटवर एकच काटा असला की गाड्यांची लाइन रोडपर्यंत जाते, जुना आयडीई कंट्रोलर म्हणजे तोच एक काटा. त्यानंतरच्या, साटा डिस्कच्या एएचसीआयलाही एकच रांग, तिच्यात ३२ कमांड. एनव्हीएमईचा नियम जवळपास ६५ हजार रांगांपर्यंत जाते, प्रत्येक सीपीयूला आपली वेगळी रांग मिळू शकते. पण बाप्पा, काटे चार लावले आन् आत गाडी खाली करायला हमाल दोनच असले तर काय होणार? क्लाऊडमध्ये हमाल म्हणजे डिस्कची आयओपीएस (सेकंदाला किती वेळा वाचणं-लिहिणं) मर्यादा, ती कंट्रोलर बदलून वाढत नाही. ॲझ्युरवरची १२८ जीबीची पी१० डिस्क घ्या, तिला ५०० आयओपीएस, वरून बर्स्टमध्ये (थोड्या वेळची जादा मुभा) ३५०० पर्यंत, पण तेही जास्तीत जास्त ३० मिनिटं. सकाळी पळते आन् मग ढिम्म, हे ऐकल्यासारखं वाटते ना? दुपारी गर्दीच्या वेळी आयओस्टॅट (डिस्कचं काम दाखवणारी कमांड) लावून बसा, आयओपीएसचा आकडा एका जागी अडकला आन् रांग वाढत राहिली तर मोठी डिस्क घ्या, स्कझी राहू द्या. माह्या मते तुमचं दुखणं तेच आहे. आकडा मर्यादेच्या खालीच असून रांग वाढत असली तर मग कंट्रोलरकडं पाहू.

प्रश्न : मी गावात कॉम्प्युटर क्लास चालवते. भाड्याच्या सर्व्हरवर केव्हीएममध्ये (एका मशीनमध्ये दुसरी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज आहे, डिस्क आयडीईवर. व्हर्टआयओ (अशा मशीनसाठीच बनवलेला फास्ट कंट्रोलर) केलं तर निळा स्क्रीन येते. (कुरखेडा, जि. गडचिरोली)

उत्तर : ताई, निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' लिहिलं असेल. विंडोजमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर आधीपासून नसते, आन् ज्या डिस्कवर तो ठेवायचा तीच डिस्क वाचायला तो लागते, म्हणजे किल्ली आत ठेवून बाहेरून कुलूप लावल्यासारखं. मी एकदा एका पतसंस्थेचं मशीन असंच रात्री अकरा वाजता बसवलं होतं आन् पहाटेपर्यंत जागलो, तेव्हापासून ही युक्ती विसरलो नाही : बूट डिस्क आयडीईवरच राहू द्या, एक जीबीची रिकामी दुसरी डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर जोडा, विंडोज चालू करून व्हर्टआयओ-विन आयएसओमधून (ड्रायव्हरची सीडीसारखी फाइल) ड्रायव्हर टाका, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलर नीट दिसला की बंद करा आन् मग बूट डिस्क तिकडं हलवा, बूट ऑर्डरही पाहून घ्या. रिकामी डिस्क नंतर काढून टाका. एक सांभाळा, व्हर्टआयओचे ब्लॉक आन् स्कझी असे दोन प्रकार आहेत, ब्लॉकसाठी व्हायोस्टॉर आन् स्कझीसाठी व्हायोस्कझी असे दोन वेगळे ड्रायव्हर आहेत, ज्यावर डिस्क हलवणार त्याचाच पाहिजे. दोन्हीत मी स्कझी घेतो, एकाच कंट्रोलरवर पुष्कळ डिस्का बसतात, ब्लॉकमध्ये प्रत्येक डिस्क पीसीआयची वेगळी जागा खाते. तुमच्या क्लासला वेगाचा फरक कळणारही नाही.

प्रश्न : ॲमेझॉनच्या क्लाऊडवर डिस्क कंट्रोलर निवडायचा रकानाच सापडून नाही राहिला. (वणी)

उत्तर : तो नाहीच आहे, शोधू नका. नायट्रोवरच्या (ॲमेझॉनची नवी यंत्रणा) मशीनला, म्हणजे २०१७ च्या सी५ पासून पुढच्या बहुतेक सगळ्यांना, ईबीएस (ॲमेझॉनची नेटवर्कवरून जोडलेली) डिस्क एनव्हीएमई म्हणूनच मिळते. ॲझ्युरवर काही साइजला दोन्ही चालतात, डी आन् ई साइजच्या इंटेलवाल्या व्ही६ ला फक्त एनव्हीएमई, आन् त्यासाठी मशीन जनरेशन २ ची (ॲझ्युरचा नवा प्रकार) पाहिजे. त्या व्ही६ मधल्या टेंपररी डिस्कवाल्या साइज घेतल्या तर ती डिस्क कोरी येते, मशीन बंद करून पुन्हा चालू केली की परत कोरी, पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरते ती फाइल) तिच्यावर ठेवत असाल तर आधी फॉरमॅटची स्क्रिप्ट लावून ठेवा.