कॅनडाच्या पीआरसाठी इंग्रजीची कोणती परीक्षा द्यावी?

पुण्यात काही वर्षे अभियंता म्हणून नोकरी केल्यानंतर तुम्ही पत्नीसह एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांवर आधारित निवडपद्धतीतून कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्यासाठी, अर्ज करणार आहात. क्लासवाले पीटीई ही इंग्रजीची परीक्षा सोपी असल्याचे सांगतात आणि मित्र आयईएलटीएस या दुसऱ्या परीक्षेचा आग्रह धरतात, त्यामुळे कोणती परीक्षा द्यावी असे तुम्ही विचारले आहे. मी याच मार्गाने टोरांटोला आले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सर्वप्रथम परीक्षेचे पूर्ण नाव तपासा. पीआरसाठी आयईएलटीएसची जनरल ट्रेनिंग, सेलपिप या कॅनडातील परीक्षेची जनरल आणि जानेवारी २०२४ पासून पीटीईची कोअर या परीक्षा चालतात. आयईएलटीएस अकॅडमिक किंवा पीटीई अकॅडमिक कितीही चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालात, तरी तो निकाल येथे उपयोगी पडत नाही. त्या परीक्षा प्रामुख्याने विद्यापीठ प्रवेशासाठी आहेत. सेलपिपची फक्त ऐकणे आणि बोलणे तपासणारी छोटी परीक्षाही आहे, पण ती नागरिकत्वासाठी असते.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅनडा सरकार एकूण बँड, म्हणजे आयईएलटीएसचा सरासरी गुण, पाहतच नाही. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही कौशल्यांचे गुण स्वतंत्रपणे सीएलबी या कॅनडाच्या मोजपट्टीवर बसवले जातात आणि त्यांतील सर्वांत कमी गुणावर बरेच काही ठरते. फेडरल स्किल्ड वर्कर या एक्स्प्रेस एन्ट्रीतील कुशल कामगारांच्या गटासाठी चारही कौशल्यांत किमान सीएलबी ७, म्हणजे आयईएलटीएसचे ६, लागतात. परंतु खरी स्पर्धा सीएलबी ९ पासून सुरू होते. त्यासाठी आयईएलटीएसमध्ये वाचन, लेखन आणि संभाषणात प्रत्येकी ७ पुरतात, ऐकण्यात मात्र ८ मिळवावे लागतात. समजा, ऐकण्यात तुम्हाला ७.५ मिळाले आणि बाकी सर्व उत्तम आहे. पत्नीसह अर्ज करणाऱ्या, एक पदवी आणि भारतातील तीन वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या उमेदवाराचे त्या अर्ध्या बँडमुळे एक्स्प्रेस एन्ट्रीच्या गुणांतून ऐकण्याचे ७, भाषा व शिक्षण यांच्या जोडीचे १२ आणि भाषा व अनुभव यांच्या जोडीचे २५, असे एकूण ४४ गुण जातात. एवढ्या गुणांवर पीआरचा अर्ज करण्याचे निमंत्रण येणे किंवा न येणे अवलंबून असू शकते.

म्हणून कोणती परीक्षा सोपी हे विचारण्याऐवजी आपले कोणते कौशल्य कच्चे आहे ते शोधा. मराठी माध्यमातून शिकून पुढे तांत्रिक इंग्रजी भरपूर वाचलेल्या आपल्या मंडळींचे वाचन बहुधा पक्के असते, पण कानांना इंग्रजीची सवय कमी असते, असे मी अनेकदा पाहिले आहे. आयईएलटीएसमध्ये ध्वनिफीत सुरू होण्यापूर्वी प्रश्न वाचायला वेळ मिळतो, पण उच्चार ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असे निरनिराळे असतात. सेलपिपमध्ये उच्चार कॅनडातले असतात, परंतु सुरुवातीच्या भागांत संवाद ऐकून झाल्यानंतरच प्रश्न समोर येतात, त्यामुळे टिपणे घेण्याचा सराव हवा. समोर परीक्षक बसलेला असला की मोकळेपणाने बोलता येत असेल, तर आयईएलटीएस घ्या. अनोळखी माणसासमोर जीभ अडखळत असेल, तर संगणकाशी बोलण्याच्या इतर दोन परीक्षा बऱ्या. पीटीई कोअरचे गुणांकन मुख्यत्वे संगणक करतो आणि निकाल सहसा दोन दिवसांत येतो, पण तिच्या लेखनात सीएलबी ९ साठी ९० पैकी ८८ लागतात, ही गोष्ट सोपेपणाचा दावा करणारे सांगत नाहीत. माझे मत असे, की शुल्क भरण्यापूर्वी तिन्ही परीक्षांचे अधिकृत सराव संच वेळ लावून सोडवावेत आणि ज्यात सर्वांत कच्चे कौशल्य वर येते, ती निवडावी.

निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो आणि तो एक्स्प्रेस एन्ट्रीचे प्रोफाइल भरताना तसेच पीआरचा अर्ज करतानाही मुदतीत असावा लागतो, म्हणून कॅनडासाठी करून घ्यायचे पदवीचे मूल्यांकन हाती येण्याच्या सुमारास परीक्षा द्या.

पत्नीनेही परीक्षा द्यावी. तिच्या चारही कौशल्यांत सीएलबी ९ आल्यास तुमच्या खात्यात २० गुण पडतात. दोघांनी एकच परीक्षा द्यावी असे बंधन नाही. निकाल आल्यावर मुख्य अर्जदार कोणाला करायचे हेही दोन्ही बाजूंनी गुण मोजून ठरवा, कारण कित्येक घरांत पत्नीच्या नावाने केलेल्या अर्जाचे गुण अधिक भरतात.