तब्येतीचा सातबारा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ३४, वजन ५८ किलो, पोट सुटलेलं नाही, व्यसन नाही. तरी कंपनीच्या तपासणीत एचबीएवनसी ७.१ आलं. आईवडिलांना मधुमेह नाही. लॅबची चूक असेल का? (हिंजवडी, मूळ गाव शिरूरकडे)

उत्तर : एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, आणि ७.१ मधुमेहात मोडतं. तपासणी पुन्हा करून घ्या, पण चूक निघेल या आशेवर बसू नका. वजनकाटा आपल्याकडे फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२.

याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांचा गरोदरपणाआधीपासून माग ठेवला. बाळं भरली सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. उणीव पडली ती स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत, चरबी बऱ्यापैकी टिकून होती. शेतात आणि पाणी वाहण्यात जास्त राबलेल्या बायकांची बाळं आणखी लहान निघाली. अशा कमी ऐवजावर जन्मलेलं शरीर पुढे दहा तास खुर्चीत बसलं आणि रात्री बाहेरून मागवलेलं जेवलं, तर साखर सांभाळताना लवकर थकतं. तुमच्या वेळी आईने किती लांबून पाणी आणलं, हे तिलाच विचारून बघा.

वजन उतरवायच्या मागे लागू नका, स्नायू कमवा. जोरबैठका जुन्या वाटतील, पण कामाच्या आहेत. मेटफॉर्मिन सुरू झालं आणि तुम्ही शाकाहारी असाल, तर बी-१२ जीवनसत्त्व तपासत राहा; त्या औषधाने ते आणखी उतरू शकतं. वजन आपोआप झपाट्याने घटत असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. तो मधुमेह वेगळ्या जातीचा असू शकतो.

प्रश्न : आई ६१ वर्षांची. विडीला कधी हात लावला नाही. डॉक्टर सीओपीडी म्हणतात, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार. हा विडी ओढणाऱ्यांचा आजार ना? (चंदगड)

उत्तर : खेड्यात तो चुलीचाही आजार आहे. सोळाव्या वर्षी सून होऊन आलेली बाई धुरात रोज तीन तास बसली, तर चाळीस वर्षांत चाळीस हजारांवर तास होतात. त्यात लहानपणी वारंवार न्यूमोनिया झाला असेल, तर फुप्फुसं मुळातच कमी वाढलेली असतात. २०१६ पासून उज्ज्वलाचे सिलिंडर घरोघर आले खरे. पण मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत गॅसवर चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. नवा सिलिंडर भरायचा तर पैसे रोख मोजावे लागतात, काटक्या फुकट मिळतात.

इनहेलर रोज घेऊ द्या. त्याची सवय लागते हा गैरसमज आहे. आणि आईला चुलीपुढून उठवून सुनेला तिथे बसवू नका.

प्रश्न : वाडीत सगळ्यांना एकच बोअर. दात सगळ्याच पोरांचे डागाळलेत, पण कमरेत वाकलेली माणसं मजुरांच्याच घरात. बागायतदारांना ते पाणी बाधत नाही का? (किनवट)

उत्तर : बाधतं, पण कमी. दात आणि हाडं बिघडवतं ते पाण्यातलं फ्लोराइड. ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या वर नसावं. दुसरी सोय नसेल तर फार तर १.५. पोटात दूध, म्हणजे कॅल्शियम असेल तर फ्लोराइडचा काही भाग आतड्यातच अडकून बाहेर पडतो. मजुराच्या ताटात दूध नाही, आणि उन्हात राबल्यामुळे तो पाणीही जास्त पितो. दोन्हीकडून मार. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट दाट होतं. ग्रामपंचायतीकडून नमुना तपासून घ्या. तोवर पिण्यासाठी आणि स्वयंपाकाला दुसऱ्या, तपासलेल्या विहिरीचं पाणी आणा.

प्रश्न : धाकट्या सुनेला पाचवा महिना. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलीय. ऊसतोडीला नेलं तर चालेल का? हलकं काम देऊ. (शिरूर कासार)

उत्तर : नेऊ नका. फडात हलकं काम नसतं. मोळी डोक्यावरूनच जाते. पहिल्या प्रश्नातली कमी वजनाची बाळं आठवा. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी धरतात; अर्ध्या कोयत्याने उचल फिटत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मुकादमाशी आत्ताच बोला, गाडी निघायच्या रात्री नाही.

जाणं टळलंच नाही, तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत द्या, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आशाताईंकडून पुऱ्या महिन्यांच्या आधीच घ्या. लघवीला आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. त्यातून लघवीचा संसर्ग होतो आणि दिवस भरण्याआधीच कळा येऊ शकतात. खोपीजवळ चार बांबू रोवून ताडपत्रीचा आडोसा पहिल्याच दिवशी करा.

पुढे कधी अंगावरून पांढरं जातं म्हणून कुणी गर्भपिशवी काढायला सांगितलं, तर जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका. २०१९ मध्ये बीडमध्ये ऊसतोडीच्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. काहींचं वय तिशीच्याही आत होतं.