चित्रकाराची किंवा लेखकाची मुलाखत घेताना कोणते प्रश्न विचारावेत?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी एका ज्येष्ठ चित्रकर्तीची मुलाखत घ्यायची आहे आणि 'कलेकडे कशा वळलात', 'प्रेरणा कोणाची', 'नव्या पिढीला काय संदेश द्याल' असे प्रश्न काढून ठेवलेत. दिवाळी अंकांसाठी मी बरीच वर्षं अशा मुलाखती घेतोय, म्हणून स्पष्टच सांगतो: हे तिन्ही प्रश्न वगळा. या प्रश्नांची उत्तरं बाईंना एव्हाना तोंडपाठ झाली असतील. तुमचा मान राखून त्या तेच पुन्हा सांगतील, आणि छापून आल्यावर त्याखाली दुसऱ्या कोणाचंही नाव घातलं तरी फरक पडणार नाही.

त्यापेक्षा त्यांचं एक चित्र निवडा. एकच. ते आधी निवांत बघून घ्या आणि त्यातल्या एखाद्या नेमक्या जागेबद्दल विचारा. या कोपऱ्यातला निळा खरवडून खालचा पिवळा का दिसू दिलात? इथे आधी काही होतं का? थांबायचं कधी ठरवलंत? कामातल्या अशा बारकाव्याबद्दल विचारलं की माणूस आठवून आठवून बोलायला लागतो, आणि पाठ केलेलं आपोआप मागे पडतं.

फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९६२ साली आल्फ्रेड हिचकॉक यांची मुलाखत घेतली ती याच पद्धतीने. हॉलिवूडमध्ये आठवडाभर दोघं बसले, मध्ये दुभाषी, आणि हिचकॉकचा एकेक चित्रपट घेऊन त्यातल्या दृश्यांबद्दल बोलत राहिले. 'सस्पिशन'मध्ये कॅरी ग्रँट रात्री दुधाचा पेला घेऊन जिना चढतो आणि आपली नजर त्या पेल्यावरून हटत नाही, कारण त्यात विष असेल असा संशय असतो. त्याबद्दल हिचकॉकने सांगून टाकलं की दूध उजळून दिसावं म्हणून पेल्याच्या आतच दिवा ठेवला होता. प्रेक्षकाची नजर कुठे खिळवायची याचा त्याने किती विचार केला होता, हे त्या एका वाक्यात कळतं. 'तुमची दिग्दर्शनाची शैली सांगा' असं विचारून ते कधीच हाती लागलं नसतं.

आपल्याकडचं सांगतो. पेणला एका गणपतीच्या कारखान्यात मी एका वयस्कर मूर्तिकारांशी बोलत होतो. माती मळण्यापासून रंगापर्यंत सगळं घरातली मुलं आणि कारागीर करत होते, पण डोळ्यांची आखणी मात्र ते स्वतः करत. मी विचारलं, "काका, हेच काम तुमच्याकडे का ठेवलंत?" हातातला ब्रश खाली न ठेवता ते म्हणाले, "घरचा गणपती पाटावर बसतो, माणूस समोर मांडी घालून पूजा करतो. मंडळाचा वर मंडपात, लोक खालून मान वर करून बघतात. दोघांची नजर एकच ठेवून कसं चालेल?" मग त्यांनी दोन मूर्ती शेजारी ठेवून बुबुळं दाखवली. फरक केसाएवढा होता, पण एकदा दिसल्यावर त्याशिवाय दुसरं काही दिसेना. त्या लेखातला सगळ्यात चांगला परिच्छेद तोच झाला.

कधी लेखकाकडे गेलात तर कच्चा खर्डा बघायला मागा. काय कापलं ते विचारा. कापलेल्याबद्दल लेखक फार मनापासून बोलतात. कवितेचा अर्थ मात्र कवीला विचारू नका, कुठल्या ओळीवर अडला होता ते विचारा.

उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारू नका. जरा गप्प बसा. बहुतेक वेळा खरं उत्तर त्यानंतर येतं. आणि जमलं तर दिवाणखान्यात भेटण्यापेक्षा त्यांच्या स्टुडिओत भेटा. तिथे हात आपोआप रंगाकडे, ब्रशकडे जातो आणि बोलणंही त्याच्यामागे जातं.

शब्दांकनाला मुलाखतीपेक्षा जास्त वेळ ठेवा. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा, पण जसंच्या तसं उतरवून छापायला देऊ नका. ब्रिटिश समीक्षक डेव्हिड सिल्व्हेस्टर यांनी चित्रकार फ्रान्सिस बेकन यांच्याशी १९६२पासून वर्षानुवर्षं केलेल्या संभाषणांचं पुस्तक केलं, तेव्हा वेगवेगळ्या बैठकींतला मजकूर एकत्र जुळवला आणि तसं प्रस्तावनेत सांगितलंही. क्रम बदलायला हरकत नाही, फक्त त्यांच्या तोंडी आपले शब्द घालू नका. बाई मालवणीत बोलल्या असतील तर ती लय राहू द्या, तिची पुस्तकी मराठी करू नका.

मजकूर छापायच्या आधी त्यांना वाचायला द्या. सालं, नावं, प्रदर्शनांचे तपशील त्या दुरुस्त करतील. एखादं फार मोकळं, जिवंत वाक्य त्यांनी खोडलं तर ते का ठेवावंसं वाटतं हे एकदा जरूर सांगून बघा. तरीही नको म्हणाल्या तर काढून टाका.